हापशाची बिअर आणि आरओचं पाणी

नोव्हेंबरात नवऱ्याच्या रक्ततपासणीत लिव्हरचे आकडे वर गेलेले दिसले. डॉक्टरबाईंनी गोडीत सांगितलं, सहा महिने दारू बंद. त्याने मुकाट मान डोलावली. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द नाही. दाराला किल्ली लावताना म्हणाला, "आणि गुरुवारचं काय?"

गुरुवार म्हणजे पब. आम्ही २००६ पासून इंग्लंडमधल्या इप्सविचला राहतो. घरापासून सात मिनिटांवर एक बुटक्या छताचा पब आहे, तिथे गुरुवारी क्विझ असते. आमच्या टेबलावर सहा जण, त्यात मराठी आम्ही दोघंच. नवऱ्याचे दोन पाइंट, माझा अर्धा. तिसरा पाइंट त्याने अठरा वर्षांत घेतलेला मी पाहिलेला नाही. पण हे मिरजेला सांगायची सोय नाही. सासूबाईंच्या कानावर फक्त "दर गुरुवारी पितो" एवढंच जाईल. गुरुवार हा दत्ताचा वार, नृसिंहवाडी मिरजेच्या घरापासून जवळ, आणि त्या आजही गुरुवार धरतात. म्हणून फोनवर आम्ही "गुरुवारी क्लबला जातो" असं म्हणतो.

तर प्रश्न दारूचा नव्हताच, गुरुवारचा होता. ऑरेंज ज्यूस घेऊन दोन तास बसून बघ म्हटलं. बसला. दुसऱ्या ग्लासानंतर छातीत जळजळ घेऊन घरी आला.

मग मी डॉक्टरबाईंना विचारून घेतलं, की अर्धा टक्का अल्कोहोलवाली बिअर चालेल का. हिशोबच मांडून दाखवला: अर्ध्या लिटरच्या ०.५ टक्क्याच्या बाटलीत अडीच मिली अल्कोहोल, साडेचार टक्क्याच्या बाटलीत साडेबावीस. म्हणजे तसल्या नऊ बाटल्या रिचवाव्यात तेव्हा नेहमीची एक होते. त्या हसल्या आणि आठवड्याला दोन चालतील म्हणाल्या. (प्रत्येकाचं लिव्हर वेगळं. तुमच्या डॉक्टरांना तुम्ही विचारा.)

पण नवऱ्याला लागर, म्हणजे ती पिवळी, फेसाळ, गारेगार प्यायची बिअर, आवडत नाही. बाजारात बिनअल्कोहोलची लागर पैशाला पासरी मिळते. त्याला हवी होती त्याची एल, म्हणजे तांबूस रंगाची, कमी फेसाची, फार गार नसलेली, कडवट. इकडे नुसतं बिटर म्हणतात ती. पबमध्ये ही बारवरच्या दांड्याने तळघरातल्या पिपातून उपसून काढतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा "अरे, हा तर हापसा!" असं मोठ्याने म्हणाले होते. आमच्या घरात तेव्हापासून तिला हापशाची बिअर असंच नाव आहे.

आता हे करायला आमच्या सफोकसारखा जिल्हा नाही. बिअर करणाऱ्या ब्रुअऱ्याच किती: समुद्रकाठी साउथवोल्डला १८७२ पासूनची ॲडनम्स, बरी सेंट एडमंड्सला १७९९ पासूनची ग्रीन किंग, आणि उत्तरेला बंगे गावाकडे सेंट पीटर्स, ज्यांनी २०१६ मध्येच 'विदाउट' नावाची बिनअल्कोहोलची एल काढली आणि ती जुन्या पद्धतीच्या लंबगोल बाटलीत भरली. सगळं तासाभराच्या टप्प्यात. जुनी गाजलेली एल घ्यायची आणि तिचीच अर्ध्या टक्क्याची धाकटी बहीण काढायची, हे काम इथे मनापासून चाललंय. मी मायक्रोबायोलॉजीची, एका फूड कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. नुसतं पिऊन "छान आहे" म्हणणं मला जमत नाही. म्हटलं, जोड्या लावून चाखू.

जानेवारी २०२४ चा दुसरा शनिवार. चाखणारे दोन: मी आणि शेजारचे आजोबा. आजोबा चौऱ्याऐंशीचे, तरुणपणी इप्सविचच्या धक्क्याजवळच्या माल्टिंगमध्ये, म्हणजे बिअरसाठी बार्लीला मोड आणून सुकवायच्या कारखान्यात, लाकडी फावड्याने बार्ली उलथायचं काम केलेले. नवरा पंच. त्याने आत ओतायचं, पेल्याखाली चिठ्ठी ठेवायची, बाहेर आणायचं. रंग दिसू नये म्हणून मी स्टीलचे पेले काढले, लग्नात मिळालेले, तळाशी आत्याचं नाव कोरलेले. आजोबांनी पेल्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "यात तुम्ही बिअर पिणार?" म्हणाले. चिठ्ठ्यांचं सगळं समजावून सांगितल्यावर सुद्धा त्यांनी पहिला घोट अगदी औषध घेतल्यासारखा घेतला. तिसऱ्या जोडीला मी हार मानली आणि काचेचे ग्लास आणले. वास खरंच नीट येत नव्हता, आजोबांचं बरोबर होतं.

पहिली जोडी ॲडनम्सची 'घोस्ट शिप'. मूळची साडेचार टक्के, धाकटी अर्धा टक्का, धाकटी आली २०१८ मध्ये. हिच्यात सिट्रा नावाचे अमेरिकन हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आहेत, त्यामुळे नाकाशी आणली की नखाने सोललेल्या संत्र्याच्या सालीचा वास येतो. मी पहिल्या घोटाला फसले. आजोबाही फसले. दोघांनीही धाकटीलाच मोठी म्हटलं. नवरा आतून ओरडला, "परत प्या!" दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला फरक कळायला लागला, आणि तो कुठे कळतो ते मजेशीर आहे. सुरुवातीला नाही, मध्ये नाही. गिळल्यावर. मोठी गिळल्यावर घशात थोडा वेळ रेंगाळते, छातीपर्यंत एक ऊब जाते. धाकटी "येते हं" म्हणून लगेच उठते.

वरणभातावर तूप नसलं तर वरणाची चव बदलते का? हळद-हिंग तेवढंच असतं. पण तूप वास धरून ठेवतं, जिभेवर पसरवतं. अल्कोहोल बिअरमध्ये तेच काम करतं. त्याला स्वतःचा किंचित गोडवा आहे, वजन आहे, आणि हॉप्सचे वास तो उचलून नाकापर्यंत नेतो. तो काढला की उरलेली बिअर तूप न घातलेल्या वरणासारखी होते. वाईट नव्हे. फक्त काहीतरी राहिलं असं वाटत राहतं.

आणि हा अल्कोहोल काढतात कसा, तर ॲडनम्सवाले आरओने! मिरजेच्या घरी ओट्याच्या वर भिंतीला जे यंत्र टांगलंय, तेच रिव्हर्स ऑस्मोसिस. आधी घोस्ट शिप नेहमीसारखी पूर्ण आंबवून तयार करायची, मग दाबाने पडद्यावर रेटायची. पाण्याचे आणि अल्कोहोलचे रेणू बारीक, ते पार जातात. रंग, कडवटपणा, माल्टची (मोड आणून सुकवलेल्या बार्लीची) चव, हे सगळं अलीकडे अडून राहतं. मग गेलेल्या पाण्याची भरपाई करायची. आपल्या घरी पडद्यापलीकडचं ठेवतो आणि अलीकडचं मोरीत सोडतो. इथे नेमकं उलटं, मोरीत जायचं तेच बाटलीत भरतात. हे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे मी आता आरओचं सांडपाणी पिणार." तेव्हापासून हाच विनोद चालू आहे.

दुसरी जोडी ग्रीन किंगची 'ओल्ड स्पेकल्ड हेन'. ठिपक्यांची म्हातारी कोंबडी. पण कोंबडीशी संबंध नाही, ही मोटारगाडी होती. ॲबिंग्डनला एमजी मोटारींचा कारखाना होता, तिथली एक कामाची गाडी रंगकामाच्या शेडबाहेर उभी राहून राहून अंगभर शिंतोडे घेऊन बसली आणि तिला हे नाव पडलं. १९७९ मध्ये कारखाना तिथे येऊन ५० वर्षं झाली म्हणून गावच्या मॉरलँड ब्रुअरीने हिच्या नावाची बिअर काढली. पुढे ग्रीन किंगने मॉरलँड विकत घेतली. हिची धाकटी मला चटकन ओळखू आली, कारण तिच्यात चिक्कीच्या पाकाचा गोडवा आधी पुढे येतो आणि कडवटपणा मागून. आजोबांना तीच जास्त आवडली. त्यांना गोड आवडतंच, चहात तीन चमचे.

आता जिच्याबद्दल खरं लिहायचंय ती.

एक बिटर होती. नाव लिहीत नाही, कारण कुणाला आवडत असेल. मी सुपरमार्केटमधून सहा आणल्या होत्या, स्वस्त लावल्या होत्या म्हणून. पेला नाकाशी नेला आणि मी थेट आईच्या स्वयंपाकघरात. नाचणीचं सत्त्व! आई नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायची, गच्चीवर सुकवायची, मंद भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. ते दुधात शिजताना घरभर जो वास सुटायचा, तोच. धान्याचा, गोडूस, आजारपणात देतात तसला. मी आजोबांना विचारलं, माल्टिंगमध्ये असा वास यायचा का? ते म्हणाले, भट्टीच्या वरच्या मजल्यावर, जिथे मोड आलेली बार्ली सुकवायचे, तिथे दिवसभर हाच, बायको कपडे वेगळे धुवायची.

यात गूढ काही नाही. आईचं सत्त्व आणि बिअरचं माल्ट हे एकच काम आहे: धान्याला मोड आणायचे आणि वेळेवर थांबवायचं. कमी अल्कोहोलची बिअर करायची दुसरी रीत अशी, की अल्कोहोल काढायचाच नाही, होऊच द्यायचा नाही. माल्ट जास्त गरम पाण्यात भिजवलं तर यीस्टला खाता येईल अशी साखर कमी तयार होते. किंवा आळशी यीस्ट घ्यायचं, माल्टोज ही माल्टमधली साखर न खाणारं. किंवा आंबणं सुरू होताच थंड करून थांबवायचं. पण यीस्ट नुसता अल्कोहोल करत नाही, ते झाडलोटही करतं. उकळलेल्या माल्टच्या पाण्यात अल्डिहाइडं नावाची वासाची रसायनं असतात, हा सत्त्वाचा वास त्यांचा. नेहमीच्या आंबवण्यात यीस्ट ती निपटून टाकतं. त्याला मध्येच उठवलं तर केर तसाच राहतो.

याच रीतीने उत्तम बिअर करणारेही आहेत, बिग ड्रॉप ही कंपनी २०१६ पासून फक्त अर्ध्या टक्क्याच्याच बिअर करते. त्यांची मिल्क स्टाउट, म्हणजे काळी, गोडसर बिअर, मी त्या संध्याकाळी सगळ्यात शेवटी उघडली. तिथे हा धान्याचा वास अडचण न होता उपयोगाचा झालेला होता. काळं भाजलेलं माल्ट, कॉफी, कोको, या सगळ्यात तो मिसळून जातो. काळ्या वाटाण्याच्या आमटीत खोबरं जरा जास्त भाजलं गेलं तर कुणाला कळतं? साध्या वरणात मात्र मीठ कणभर जास्त झालं तरी कळतं. बिटर हे वरण आहे. चार गोष्टी, पाणी, माल्ट, हॉप्स, यीस्ट, आणि लपायला जागा नाही.

म्हणूनच हार्वीजची 'ससेक्स बेस्ट' उघडताना मला धाकधूक होती. ही दक्षिणेकडच्या लुईस गावातली, ऊझ नदीच्या काठची ब्रुअरी, १७९० पासूनची. नवऱ्याची ही देवघरातली बिअर. त्यांचं यीस्ट १९५७ मध्ये यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरहून आणलेलं आहे आणि तेव्हापासून आधीच्या घाण्यातलं काढून पुढच्यात घालत आजतागायत तेच चालू आहे. विरजणच की! आमच्या सासूबाईंचं विरजण सांगलीच्या पुरात गेलं तेव्हा त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या, त्यामुळे मला हा प्रकार समजतो. कुरियरने त्यांची अर्ध्या टक्क्याची बेस्ट आणि अर्ध्या टक्क्याची ओल्ड एल मागवली होती.

बेस्ट चाखून आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही बिटर आहे." इंग्रज माणसाकडून यापेक्षा जास्त स्तुती येत नाही. आम्ही दोघांनीही ओळखली ती, अंगाने हलकी होतीच, पण केंट-ससेक्सच्या हॉप्सचा तो मातकट, सुकलेल्या गवतासारखा कडूपणा जागेवर होता. ओल्ड एल तर मी मोठीच्या शेजारी ठेवलीच नाही, गरज वाटली नाही. काळपट, मनुकांची चव, काकवीची चव. नवऱ्याने पंचगिरी सोडून अख्खा ग्लास संपवला.

आजोबांच्या मते या सगळ्या गोष्टीत नवीन काहीच नाही. आणि याबाबतीत ते मला पूर्ण पटतात. सासूबाई मूळच्या मालवणच्या, सोलकढी करताना नारळाचं पहिलं घट्ट दूध वेगळं, दुसरं पातळ वेगळं. इथे जुन्या काळी तेच करायचे. एकाच माल्टवर पहिलं पाणी ओतून काढलं की दणदणीत बिअर, दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याची पातळ, तिला स्मॉल बिअर म्हणायचे, ती रोजची, गडीमाणसांची, मुलाबाळांची. (पाणी खराब होतं म्हणून सगळे फक्त बिअरच प्यायचे, हे जे सांगतात ते मला पटत नाही. विहिरी होत्या की.) लंडनच्या चिझिकमध्ये फुलर्स अजूनही एकाच घाण्यातून निघालेलं पहिलं-दुसरं पाणी वेगवेगळ्या मापात मिसळून 'लंडन प्राइड' आणि 'ईएसबी' अशा कमी-जास्त जोराच्या बिअर काढतात.

आणि ज्या बिटरला आपण "मूळची" म्हणतो ती तरी कुठे मूळची? पहिल्या महायुद्धाच्या आधी इथल्या सरासरी बिअरची मूळ घनता (आंबवण्याआधी पाण्यात साखर किती ते सांगणारा आकडा, साधं पाणी १०००) १०५२ च्या आसपास होती, म्हणजे पाच टक्क्यांच्या पुढचा मामला. धान्य वाचवायला सरकारने आवळत आणली, कर वाढवले, आणि युद्ध संपेपर्यंत ती १०३० च्या आसपास आली. नंतर थोडी वर चढली, पण पूर्वीच्या जागी कधीच गेली नाही. पबमध्ये तीन तास बसून गप्पा मारता येतात अशी साडेतीन-चार टक्क्यांची बिटर आणि माइल्ड (कमी कडवट एल), ज्याचा इंग्रजांना एवढा अभिमान, ती युद्धाने आणि करवसुलीने पातळ केलेली बिअर आहे. लोकांनी ती गोड मानून घेतली, तिच्यातच कला शोधली. आजोबांचे वडील म्हणायचे म्हणे, की ही नवीन बिअर म्हणजे पाणी. आजोबा त्याच पाण्यावर वाढले.

कराचा तोच खेळ आजही चालू आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून इथे साडेतीन टक्क्यांच्या आतल्या बिअरला कर कमी झाला, आणि बघता बघता दुकानातल्या कितीतरी जुन्या बाटल्यांवर ३.४ आकडा दिसायला लागला. १.२ टक्क्याच्या खाली तर हा कर शून्य. तरी अर्ध्या टक्क्याची बाटली जवळजवळ मोठीच्याच भावाला, कारण एकदा बिअर करायची आणि मग परत तिच्यातून काढायचं, हा डबल खर्च. लेबलाचा घोळ तर विचारू नका. इथल्या सरकारी सूचनेप्रमाणे "अल्कोहोल फ्री" म्हणायला ०.०५ टक्क्याच्या आत हवं, म्हणून ०.५ वाल्या ब्रिटिश बाटलीवर "लो अल्कोहोल" लिहितात. तेवढ्याच अल्कोहोलची बाटली जर्मनीहून आली की तिच्यावर बिनदिक्कत "अल्कोहोल फ्री". २०२३ मध्ये सरकारने यावर लोकांची मतं मागवली. मी दोन परिच्छेद लिहून पाठवले.

चाखताना एक गोष्ट कळली ती कामाची, म्हणून सांगते. या बिअर फ्रिजमधून थेट काढून पिऊ नका. हापशाची बिअर तळघराच्या गारव्यात असते, ११ ते १३ अंश. चार अंशाला वास गोठतो आणि नुसता पातळपणा जिभेला लागतो. मी बाटल्या मागच्या दाराच्या पायरीवर ठेवल्या होत्या, त्या आत आणून वीस मिनिटं ओट्यावर ठेवल्या. एवढ्यानेच अर्ध्या बिअर सुधारल्या.

पबात मात्र हे होत नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. घोस्ट शिपची धाकटी काही पबांत नळावर येते, पण हापशावर नाही, आणि हापशावर येणं कठीणही आहे. पिपातली बिअर जिवंत असते, यीस्ट आत काम करत असतं. अर्ध्या टक्क्याच्या बिअरमध्ये जंतूंना अडवणारा अल्कोहोल नाही, काहींमध्ये वर साखर उरलेली. उघड्या पिपात ती ठेवणं म्हणजे माझ्या लॅबमधली जंतू वाढवायची पेट्री डिश. म्हणून ती पाश्चराइझ करून बाटलीत, आणि बाटली फ्रिजमध्ये. गुरुवारी नवरा काउंटरवर जातो, बाकीच्यांसाठी मुलगी दांडा ओढते, एक-दोन-तीन, फेस खाली बसायची वाट बघते, आणि याच्यासाठी वाकून फ्रिज उघडते. तो ती बाटली आणून खिडकीखालच्या रेडिएटरच्या फळीवर ठेवतो आणि पहिला राउंड बिनबिअरचा खेळतो. पहिल्या आठवड्यात सगळे हसले. आता आमच्या टेबलावरचे आणखी दोघं, ज्यांना गाडी चालवायची असते, तेही आपापल्या बाटल्या तिथेच ओळीने मांडतात.

त्या सत्त्वाच्या वासाच्या बिटरच्या चार बाटल्या उरल्या होत्या. पिववत नव्हती, ओतवत नव्हती. परवा रविवारी नाचणीच्या पिठात पाण्याऐवजी तीच घातली, कांदा, मिरची, कोथिंबीर, थोडं तांदळाचं पीठ, आणि धिरडी टाकली. जाळी अशी पडली की आईची आठवण आली. आजोबा कुंपणाशी होते, त्यांना हाक मारली. उभ्याउभ्या तीन खाल्ली, चौथं रुमालात घेतलं आणि विचारलं, "यात किती टक्के?"